मास्तरांचं प्रशिक्षण आणि मास्तरांचं शील

मी मास्तर आहे. जिल्हा परिषदेचा. सव्वीस वर्षं खडू झिजवतोय. आमच्या वस्तीतला मी पहिला मास्तर. डी.एड.चा निकाल लागला त्या दिवशी माझ्या बापानं बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि मला म्हणाला, 'आता पोरायच्या पाट्या हातात घे.'

हे काय सांगणं झालं? सांगतो. माझ्या लहानपणी गावातले मास्तर आमच्या वस्तीतल्या पोरांच्या पाट्या हातात घेत नसत. आम्ही पाटी जमिनीवर ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं. मास्तर लांबून वाकून बघायचे आणि छडीच्या टोकानं चूक दाखवायचे. छडीला विटाळ होत नाही. बापाला एवढंच ठाऊक होतं की मास्तर म्हणजे पाटी हातात न घेणारा माणूस. आपला पोरगा मास्तर झाला तर त्यानं ती घ्यावी. मला मिळालेलं पहिलं प्रशिक्षण ते. दोन मिनिटांचं. त्याला चहापाणी नव्हतं, प्रमाणपत्र नव्हतं.

त्यानंतर खूप प्रशिक्षणं झाली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांना शिकवणाऱ्या संस्था निघाल्या, ज्यांना आम्ही डायट म्हणतो. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या होत्याच. मग २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान आलं, गट साधन केंद्रं आली, केंद्राकेंद्रांवर शिक्षण परिषदा भरू लागल्या. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं. ज्ञानरचनावाद आला, वर्गातल्या फरश्या रंगल्या. २०१९ ला निष्ठा आली, आणि २०२० ला करोनात तीच मोबाईलवर आली. त्याच वर्षीच्या नव्या धोरणानं शिक्षकानं वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलं. माझ्या कपाटात पुस्तिकांची चळत आहे. उभी केली तर पहिलीच्या पोराच्या छातीला लागेल.

मला जो प्रश्न छळतोय तो या चळतीपाशी सुरू होतो. मास्तर जेव्हा पोराशी वाईट वागतो, तेव्हा त्याला प्रशिक्षण कमी पडलेलं असतं, का त्याचं शील कमी पडलेलं असतं? अज्ञान असतं का अन्याय असतो? अज्ञान असेल तर त्याला शिकवा. अन्याय असेल तर त्याला जाब विचारा. पण या दोन गोष्टींची आपण गल्लत करतोय, आणि त्या गल्लतीत पोरं मरतायत.

तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय समावेशक शिक्षण. म्हणजे कुठलंच पोर बाहेर राहू नये. विषय आपलाच. मी हौसेनं गेलो. हजेरीपत्रकावर सही, पोहे, चहा, मग परिचय. नाव, आडनाव, शाळा. आडनाव सांगितलं की हॉलमध्ये कसं एक बारीक पान उलटतं, ते तुम्हाला सांगायला नको. मग टाळ्यांचा खेळ झाला. मग सुलभकांनी गट पाडले. प्रत्येक गटाला चार्ट पेपर आणि स्केचपेन. लिहा म्हणाले, काही मुलं का शिकत नाहीत? कारणं लिहा.

आमच्या गटात माझं अक्षर चांगलं. पेन माझ्या हातात आलं. गट सांगत गेला, मी लिहीत गेलो. पालकांची उदासीनता. व्यसनाधीनता. घरी अभ्यासाचं वातावरण नाही. लहान भावंडं सांभाळणं. स्थलांतर. सहा गट होते, सहा चार्ट भिंतीवर लागले. सहाही चार्टांवर जवळपास हीच कारणं होती. मायबाप होते, दारू होती, ऊसतोड होती. मास्तर कुठंच नव्हता. एवढ्या मास्तरांनी मिळून शाळेबद्दल लिहिलं, आणि त्यात मास्तरच नव्हता!

मग एक जुने गुरुजी बोलले. माणूस दुष्ट नाही. लोकांच्या अडीनडीला धावणारा आहे. म्हणाले, 'त्या पालावरच्या पोरांच्या रक्तातच शिकणं नाही हो. कितीही प्रशिक्षणं घ्या.' दोघंतिघं हसले. माझ्या डोक्यात आग गेली. रक्त! हा शब्द आपण कुठं कुठं ऐकलाय ते आठवा. मी उठायला हात टेकले. आणि उठलो नाही.

का उठलो नाही? भ्यालो? नाही. आजवर असल्या बोलण्यावर चारचौघांत भांडलेला माणूस आहे मी. उठलो नाही, कारण भिंतीवरचा माझ्या अक्षरातला शब्द मला दिसला. स्थलांतर.

आता कबुली द्यायची आहे. गेल्या तीन आठवड्यांतली गोष्ट.

माझ्या वर्गात, तिसरीत, पारध्याच्या पालावरची एक पोरगी होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. हजेरीपटावर ते आहे. खरं म्हणजे माझ्या तोंडातही ते क्वचितच आलं. मी तिला 'ए पालावरची' म्हणायचो. ती दाराजवळ बसायची. एक दिवस वर्गातल्या एका पोराची नवी कंपास पेटी हरवली. रडारड झाली. मी उठलो, आणि सरळ दाराजवळ गेलो. एकही प्रश्न न विचारता तिचं दप्तर उचललं आणि उपडं केलं. एक वही, एक पेन्सिलीचा तुकडा, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर. कंपास पेटी नव्हती. ती ज्याची होती त्याच्याच शेजारच्या पोराच्या पिशवीत सापडली. त्याला मी म्हणालो, 'असं करू नये बाळ.' आणि फळ्याकडं वळलो. तिची वही, पेन्सिल, भाकर तिनंच गोळा केली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठ-दहा दिवस झाल्यावर मी रजिस्टरला नोंद केली. सतत गैरहजर. कारण : स्थलांतर. पालं तिथंच होती. शाळेच्या ओट्यावरून दिसत होती.

बाप म्हणाला होता, पाटी हातात घे. मी दप्तर हातात घेतलं. झडतीसाठी.

मित्रांनो, मला प्रशिक्षण कमी होतं का? पुस्तिकांची चळत तुम्हाला सांगितली. पोराला मारू नये, त्याचा मानसिक छळ करू नये, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात आहे. ते मला पाठ आहे. मीच ते केंद्रावर इतर शिक्षकांना समजावून सांगितलंय. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची. त्या पोरांना मराठी वाचायला लावण्याआधी त्यांच्या बोलीतले शब्द फळ्यावर घ्यावेत, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. वहीत लिहूनही घेतलं होतं. माहिती कमी नव्हती. मग दप्तर कुणी उचललं?

१८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्यांची नावं रजिस्टरला लागली. पोलिसांकडं हजेरी लावावी लागायची. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे कागदावरून गेला. तो नंतर कुठं राहायला गेला, ते मला त्या दिवशी कळलं. तो माझ्या हातात राहत होता. आणि हजेरी घेणारा मीच होतो.

इथं मला जोतीराव आठवतात. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी मास्तरांच्या प्रशिक्षणाचा विषय काढला होता. प्राथमिक शाळेचे मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ज्यांना नांगराला हात लावायची लाज वाटणार नाही आणि जे खालच्या थरातल्या लोकांत मिसळतील. सोवळ्यात लांब राहणारा मास्तर नको. त्यांच्या शिक्षणात शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान असावं. त्यांना पगारही नीट द्यावा. एवढा विचार त्या माणसानं तेव्हा केला होता. आणि जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांगाची पोर, तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ज्ञानोदयात छापून आला. मास्तर मिसळणारा असला की काय होतं, याचा तो पुरावा.

मी आजवर समजत होतो, जोतीरावांनी मागितलेला मास्तर म्हणजे मीच. वस्तीतून आलेला. चटके खाल्लेला. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर बसावं लागलं, शिपायानं वरून ओतल्याशिवाय पाणी मिळायचं नाही, हे दर सहा डिसेंबरला पोरांना डोळ्यांत पाणी आणून सांगणारा. मला वाटायचं, माझी नजर जन्मानंच साफ आहे. ज्याला भाजलंय तो दुसऱ्याला भाजणार नाही.

पण हे म्हणणं कुणाचं आहे? गुण जन्मानं येतो, हे कुणाचं म्हणणं? मनूचंच ना! त्यानं एका जातीच्या पोटी पावित्र्य ठेवलं, मी माझ्या जातीच्या पोटी न्याय ठेवला. उतरंडीत आपण खालच्या पायरीवर, म्हणून आपल्याला वाटतं खाली कुणी नाही. वाकून बघितलं तर दिसतं. पालं दिसतात, मसणजोग्याची पोरं दिसतात, गटारात उतरणाऱ्या माणसाची पोरं दिसतात. वरून खाली बघायची सवय आपल्याही मानेला आहे. चटके खाल्ल्यानं माणूस आपोआप शहाणा होत नाही.

म्हणजे प्रशिक्षण फोल, असं मी म्हणत नाही. छडी माझ्या हातातून गेली ती प्रशिक्षणानंच. चार इयत्तांची पोरं एका खोलीत कशी बसवायची, कुणालाही रिकामं न ठेवता कसं शिकवायचं, हे मला एका प्रशिक्षणात एका बाईंनी दाखवलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. आणि मास्तरांची गाऱ्हाणीही खोटी नाहीत. कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून दुसरी बाहेरची कामं मास्तराला देऊ नयेत असं आहे, तरी माहित्या भरता भरता आणि फोटो पाठवता पाठवता मास्तर मेटाकुटीला येतो. सगळं खरं. पण त्या पोरीचं दप्तर उपडं कर, असं कुठल्या माहितीच्या तक्त्यात लिहिलं होतं?

अन्यायाला आपण 'प्रशिक्षणाचा अभाव' म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते. सरकारची होते, ते आणखी एक प्रशिक्षण लावतं. साहेबांची होते, अहवाल जातो. मास्तराची तर फारच होते. मी वाईट वागलो नाही, मला अजून शिकवलेलं नव्हतं! गुन्ह्याचं रूपांतर गरजेत होतं. आणि ज्या पोराचं दप्तर उपडं झालं, त्याची नोंद मात्र कुठंच राहत नाही. राहिली तर 'स्थलांतर' म्हणून.

मग उलट टोकाला जाऊन म्हणायचं का, की माणूस बदलत नाही, रक्तातच असतं? ते तर त्या गुरुजींचंच वाक्य झालं.

मी पहिल्या दिवशी रात्री घरी आलो. जेवण गेलं नाही. नेहमीप्रमाणं वंदनेला बसलो. पंचशील म्हणायला लागलो आणि जिभेवर एक शब्द अडला. आपण सगळे तो म्हणतो, रोज, पाच वेळा. सिक्खापदं. आजवर कधी थांबलो नव्हतो. सिक्खा म्हणजे शिक्षा, म्हणजे शिकणं. वळण लावून घेणं. सिक्खापद म्हणजे प्रशिक्षणाचा एकेक पाठ! आणि पुढचा शब्द काय? समादियामि. मी घेतो. मला दिलं जातं असं नाही. मी अंगावर घेतो. प्रत्येकानं आपल्या तोंडानं, 'मी' म्हणून.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी लाखो माणसांना असं शिकायला लावलं. तिथं हजेरीपत्रक नव्हतं. आपली माणसं प्रशिक्षण घेऊन घरी गेली आणि घरातले देव बाहेर काढले. कारण ते त्यांनी घेतलं होतं.

मग मी त्या पाच पाठांवर स्वतःला घासून बघितलं. दुसरं शील : न दिलेलं घेणार नाही. त्या दिवशी वर्गात चोरी झाली होती की नाही? झाली होती. एका पोरीची इज्जत तिनं न देता भर वर्गात घेतली गेली. चोर फळ्यापाशी उभा होता. चौथं शील : खोटं बोलणार नाही. रजिस्टरला 'स्थलांतर' लिहिलं. दोन शिलं मोडली होती आणि मी रोज संध्याकाळी पाचही म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण सुटल्यावर पालावर गेलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पटनोंदणीला जायचो, पण रस्त्यावर उभं राहून हाक मारायचो. पोरीची आई चुलीपुढं होती. उठली नाही. मी म्हणालो, 'ताई, पोरगी शाळेत येत नाही.' तिनं लाकूड आत सारलं. म्हणाली, 'गुरुजी, पोरगी म्हनती साळंत झडती व्हती. झडती घ्यायला पोलिस हायेतच की. त्येला साळंत कशाला धाडू?'

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कुठल्याच पुस्तिकेत नाही. मी म्हणालो, 'माझं चुकलं.' ती म्हणाली, 'बरं.' एवढंच.

तिसऱ्या दिवशी, समारोपाच्या आधी, मी उठलो. म्हणालो, 'आमच्या चार्टवर एक कारण राहिलंय, लिहू का?' आणि लिहिलं : मास्तर. मग दप्तराची गोष्ट सांगितली. नाव घेतलं ते फक्त माझं. हॉल गप्प झाला. ते जुने गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, 'सर, तुम्ही लोक फार मनाला लावून घेता.' बघा मित्रांनो. कबुली मी माझ्या चुकीची देत होतो, त्यात त्यांना माझी जात ऐकू आली. सुलभक म्हणाले, 'छान मुद्दा मांडलात. वेळ कमी आहे, आपण चहा घेऊ.' चहा घेताना एक तरुण बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, 'सर, माझ्या वर्गात पण एक आहे.' तीन दिवसांतलं प्रशिक्षण मला विचाराल तर एवढंच झालं.

भिक्खू संघात एक रीत होती. पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी काढले की शेवटी पवारणा व्हायची. प्रत्येक भिक्खू, थोरातला थोर सुद्धा, संघापुढं म्हणायचा, की माझा दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा. दोष काढायला लोकांना आपणहून बोलवायचं! शिकणं म्हणजे हे. आमच्या शिक्षण परिषदा महिन्याला भरतात. तिथं एक तास असा का ठेवू नये? या महिन्यात कुठल्या पोराचं नाव मी घेतलं नाही, कुणाला दाराजवळ बसवलं, कुणाचं दप्तर उचललं, हे प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगायचं. साहेबानं अहवालात लिहायचं नाही. पण मास्तर मास्तराला सांभाळून घेतो, हे मला माहीत आहे. म्हणून त्या बैठकीत पालावरची आई पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद आईबाप असायला हवेत, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पोरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, आणि निम्म्या बाया हव्यात. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरलीय. ती जागी करणं हे तुमचं काम.

तुम्ही तरुण कार्यकर्ते आहात. एखाद्या सवर्ण मास्तरानं आपल्या पोराला घालून पाडून बोललं की तुम्ही निवेदन घेऊन येता, गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दारात बसता. बसलंच पाहिजे. पण माझ्या दारात का आला नाहीत? माझ्या खिशाला निळा बिल्ला आहे म्हणून? पालावरची पोरगी शाळेतून गेली, तेव्हा आपल्या वस्तीतल्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. माझ्यासकट. चळवळ जर आपल्याच पोरांची दप्तरं राखणार असेल, तर ती चळवळ नाही, भावकी आहे.

ती पोरगी पंधरा दिवसांनी आली. वर्गापुढं मी तिची माफी मागितली, नावानं. ती काही बोलली नाही. दाराजवळच बसली. मला वाटलं होतं, आता पुढं येऊन बसेल. मी माफी मागितली की समोरच्यानं लगेच माफ करावं, हीसुद्धा मास्तरकीच. ती अजून दाराजवळ बसते. दप्तर मांडीवर घेऊन बसते. खाली ठेवत नाही.

हे मी शोभेसाठी लिहीत नाही. लिहिताना लाज वाटते. पण पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. मला बोलवा, पालावरच्या माणसांनाही बोलवा. मी येईन. आणि त्या दिवशी मी भाषण करणार नाही, ऐकायला बसेन.

जयभीम.